पहिला रेकॉर्डर घेताना

आजीच्या जात्यावरच्या ओव्या आणि मिरजेतल्या तंबोऱ्याचा नाद टिपायचाय, बजेट मात्र बेताचं आहे, तर आत्ता वेगळा माइक घेऊच नका. झूम एच१एन किंवा टास्कॅम डीआर-०५एक्ससारखा, माइक अंगचेच असलेला छोटा रेकॉर्डर पुरे. सेकंडहँड चालेल, फक्त हेडफोनची पिन हलवून खरखर येते का ते बघा.

नवखे हमखास फसतात ते स्टुडिओतल्या कंडेन्सर माइकला. त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या वायरीतूनच दिलेली वीज, लागते, ती या छोट्या यंत्रांत मिळत नाही. मग माइक कपाटात शोभेला.

उरलेले पैसे असे लावा:
- कान झाकणारे वायरचे हेडफोन. हे आधी.
- केसाळ विंडशील्ड, म्हणजे माइकवर चढवायची वारा अडवणारी टोपी. कासच्या वाऱ्यापुढे नुसता स्पंज टिकत नाही.
- छोटा ट्रायपॉड. रेकॉर्डर हातात धरलात तर बोटांची खसखस ओवीच्या वर येते.

सेटिंग एकच: वेव्ह फाइल, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. आजी सगळ्यात मोठ्यानं गाईल तेव्हा रेकॉर्डरच्या पडद्यावरचा आवाजाचा मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहावा. हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला सुधारत नाही.

आणि जागा! निम्मं काम तिथंच होतं. पंखा बंद, फ्रिज बंद. रेकॉर्डर आजीपासून हातभर, तोंड तिच्याकडे, जात्याकडे नाही. ट्रायपॉडखाली चादरीची जाड घडी घाला, नाहीतर जात्याची घरघर फरशीतून थेट चढते. फ्रिज मात्र आठवणीनं परत लावा, दूध नासलं तर आजी ओव्या सोडून दुसरंच ऐकवेल.

एक्सएलआर (तीन पिनांची माइकची जोडणी), प्रीअँप (माइकचा आवाज वाढवणारं यंत्र) वगैरे सहा महिन्यांनी विचारा.