निळसर राखाडीच्या तीन शेड आणि आईंची खोली

तुम्ही लिहिलंय की आईंची दहा बाय बाराची खोली रंगवायची आहे, खिडकी पश्चिमेला, सागवानी कपाट, खाली क्रीम टाइल्स. निवडलेल्या तिन्ही शेड तुम्हाला सारख्याच वाटतात, पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईंना त्यातली एक 'फार निळी' दिसते.

आधी आईंबद्दल. त्यांना दिसतं ते खरं आहे. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि निळा प्रकाश अडवतं. ते काढलं की निळे रंग एकदम उजळ दिसू लागतात. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर आळीपाळीने एकेक डोळा झाकून शेडकार्ड बघायला सांगा, फरक त्यांचा त्यांनाच कळेल. त्यामुळे त्यांचं 'फार निळी' मी गांभीर्याने घेईन.

आता शेड. तीन पट्ट्या कोऱ्या पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवा, दिवसा, खिडकीजवळ. एखादी हिरवट वाटेल, एखादी जांभळट, एखादी नुसती निळी. सुट्ट्या पाहिल्यात तर हे लक्षात येत नाही. तुमच्याकडे सागवान आहे, म्हणजे नारिंगी-तपकिरी रंग, आणि त्याच्याशेजारी निळा आणखी निळा दिसतो. शिवाय बोटभर पट्टीवर सौम्य वाटलेला रंग चार भिंतींवर चढला की गडद वाटतो. माझ्या मुलाच्या खोलीचा रंग मी नुसतं कार्ड बघून ठरवला होता. कार्डावर राखाडी, भिंतीवर चक्क निळा, दोन वर्षांत पुन्हा रंगवावी लागली. म्हणून तिघींतली सगळ्यात राखाडी, कार्डावर जरा मळकट वाटणारी शेड घ्या.

पण त्याआधी सॅम्पल हवंच. सगळ्यात लहान डबा आणा आणि जुन्या भिंतीवर फासू नका, खालचा रंग डोळ्याला फसवतो. जाड पांढऱ्या कार्डशीटवर दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या, कडेला पांढरी पट्टी सोडा. एक शीट कपाटाशेजारी, एक खिडकीसमोरच्या भिंतीवर. पश्चिमेच्या खोलीत सकाळी थेट ऊन नसतं, तेव्हा रंग थंड दिसतो. संध्याकाळी तिरपं पिवळं ऊन आलं की निळेपणा दबतो. रात्री सगळं दिव्यावर. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या एलईडीखाली निळा उठून येतो, ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली तीच भिंत राखाडी, कधी हिरवट दिसते. दिवे बदलायचे असतील तर आधी बदला.

कंपनीच्या शेडच्या माहितीत एलआरव्ही हा आकडा असतो, म्हणजे तो रंग किती प्रकाश परत फेकतो ते. ० म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढरा. एकच खिडकी आहे, तर ५५ च्या खाली मी जाणार नाही, पावसाळ्यात खोली कोंदट वाटते.

रंग दुकानातल्या मशीनवर एकाच वेळी, लागेल तेवढा सगळा करून घ्या. नंतर एखादा लिटर आणला तर जोड दिसू शकते.

शीट आईंच्या पलंगासमोर चार दिवस राहू द्या आणि पेंटरला त्यानंतरच बोलवा.