बोरमाळेतली लाख

सोलापूर

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दर पाडव्याला तोळ्याचा एक दागिना करायचा, साठीपर्यंत तीसेक तोळे साठतील, तेच आपलं पेन्शन, असा तुझा बेत आहे. तुझी आई खूश असणार. मी निम्माच खूश आहे.

काकूची बोरमाळ तुला आठवत असेल. तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी ती मोडायला सराफ बाजारात नेली. काट्यावर तीन तोळे भरली. कारागिरानं एकेक मणी चिमट्यात धरून आचेवर नेला, तशी आतली लाख काळी होऊन टपटप गळाली. उरले पावणेदोन तोळे, आणि टंच (सोन्याची शुद्धता) निघाला अठरा कॅरेटच्या आसपास. पावतीवर बावीस लिहिलेलं. पावती होती, पण ते दुकान कधीच बंद झालेलं. काकू एक शब्द बोलली नाही, तेच मला जास्त लागलं.

आता तसं सहसा होत नाही. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी लागतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. पण मजुरी कुठे जाते? लाख रुपयांचं सोनं, 12 टक्के मजुरी, वर 3 टक्के जीएसटी: खिशातून गेले 1,15,360, गळ्यात आलं लाखाचंच. मोडताना मजुरी आणि कर कुणी परत देत नाही. लॉकरवरही फार विसंबू नकोस. चोरी झाली किंवा आग लागली, तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच. भाडं दोन हजार, तर दोन लाख.

आणि खरी गोम पुढेच आहे. दागिना विकायला काढला की घरदार आडवं येतं. भाचीचं लग्न, सुनेचं डोहाळजेवण, 'आजीची आठवण आहे ती'. म्हातारपणी दर महिन्याला औषधाला पैसे लागतात, तेव्हा पाटलीचा तुकडा पाडता येत नाही. हौसेला दोन-चार तोळे जरूर कर, मिरव. फक्त ते पेन्शनमध्ये मोजू नकोस. घरात सोनं हवंच असेल तर वेढणी (सोन्याची साधी वळी) घे, मजुरी नावापुरती पडते.

पेन्शनसाठीचं सोनं कागदावर ठेव. तू विचारलेले सरकारी सुवर्णरोखे, म्हणजे सोन्याच्या भावाला बांधलेले रोखे, 2015 साली आले. आठ वर्षांची मुदत, वर अडीच टक्के व्याज. चीज चांगली होती, पण फेब्रुवारी 2024 नंतर नवी विक्री झालेली नाही. जुने रोखे शेअर बाजारात मिळतात, पण उलाढाल कमी, त्यामुळे मनासारखा भाव मिळेलच असं नाही. म्हणून गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात युनिटनं घेता-विकता येणारा सोन्याचा फंड. फंड खरं सोनं तिजोरीत ठेवतो, सेबीची, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाची, देखरेख असते. युनिट ठेवायला डीमॅट खातं लागतं आणि थोडा वार्षिक खर्च कापला जातो, एवढंच. काहींचं युनिट तर 0.01 ग्रॅमचं असतं, म्हणजे औषधापुरतं विकता येतं. वर्षाहून जास्त ठेवून विकलंस तर नफ्यावर साडेबारा टक्के कर. दागिन्याला त्यासाठी दोन वर्षं थांबावं लागतं. मोबाइलवरच्या 'डिजिटल गोल्ड'ला मात्र हात लावू नकोस. ते सेबीच्या कक्षेत येत नाही.

एक गोष्ट सराफ सांगणार नाही. 2012 साली दहा ग्रॅमचा भाव एकतीस हजारांच्या घरात होता, 2018 सालीही तिथेच. सहा वर्षं! आमच्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या चादरीच्या कारखान्यात मी हिशेब लिहायचो, तिथल्या एकानं पीएफमधले पैसे काढून त्याच सुमारास सोनं भरलं आणि रोज सकाळी पेपरात भाव बघून चहा गार करायचा. म्हणून दहा रुपयांतला एकच सोन्यात, फार तर दीड. बाकीचे पीएफ, पीपीएफ आणि एनपीएस या सरकारी पेन्शन योजनेत. दरमहा हातात काही द्यायचं काम सोन्याचं नव्हे.

जानेवारीत गड्ड्याला, आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, येशीलच. येताना डीमॅटचे कागद आण, नॉमिनीचा रकाना तू कोरा सोडला असशील याची मला खात्री आहे. काकूनं शेंगाचटणी कुटून ठेवलीय.

तुझा,
काका