बीपीटीला (फिजिओथेरपीच्या पदवीला) निघालीस? मग हे ऐक

पहिल्या वर्षी ॲनाटॉमीचा कितीही कंटाळा आला तरी टाळू नकोस. पुढे वॉर्डात पोस्टिंग लागलं की सर पेशंटसमोरच विचारतात, हा स्नायू कुठून निघतो, नर्व्ह कोणती?

परळ-सायनच्या पालिका रुग्णालयांत ओपीडीला मुंगी शिरायला जागा नसते. म्हणून गोनिओमीटरवर (सांध्याचा कोन मोजायच्या साधनावर) घरीच हात बसव. भावाचा गुडघा घे: मध्यबिंदू गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर, स्थिर दांडी खुब्याकडे, फिरती बाहेरच्या घोट्याकडे. (भाऊ कुरकुरेल, वडापाव दे.)

अर्धांगवायूच्या पेशंटला आधी "काका, चहा झाला का?" विचार. बोलणं, समज, चेहऱ्याची बाजू तिथेच कळते. केस त्याच संध्याकाळी लिही, लोकलमध्ये बसायला मिळालं तर तिथेच. इंटर्नशिप चार वर्षांनंतर, तिची चिंता आत्ता नको.