बाळ 31 आठवड्यांत झालंय, कोल्हापुरात एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे, आम्ही बाहेर बसून नक्की काय करायचं?

भावा, आमची पोरगी पण 30 आठवड्यांची, 1200 ग्रॅम, माझ्या अंगठीत तिचा हात गेला असता एवढी बारीक. पहिले दोन दिवस मी नुसता मॉनिटर बघायचो, आवाज झाला की पोटात गोळा, मग सिस्टर म्हणाल्या दादा मशिनकडं नको, बाळाकडं बघा.

वहिनींना दर दोन-तीन तासांनी दूध काढायला सांग, रात्री पण, थेंबभर निघालं तरी आत द्यायचं, पहिल्या चिकाला तोड नाही. हात लावताना बोटानं कुरवाळायचं नाही, एक तळहात डोक्यावर एक पायाशी, नुसता स्थिर ठेवायचा, एवढ्या लहान बाळाला कुरवाळणं सोसत नाही. डॉक्टर हो म्हणाले की कांगारू केअर, म्हणजे बाळाला उघड्या छातीवर धरायचं, बापानं पण, लाजू नको, शर्ट सोडून छातीवर घेतली आणि तिचा श्वास शांत झालेला मी बघितलाय.

डोळ्यांची आरओपी तपासणी (लवकर जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार बघायची) जन्मापासून 30 दिवसांच्या आत झालीच पाहिजे, डिस्चार्जच्या गडबडीत राहून जाते, स्वतः विचार. खर्चासाठी महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेत बसतंय का ते आजच काउंटरवर विचार.

पाहुणे बाळ बघायला येतीलच, पण संसर्गाची भीती असते, सरळ नाही म्हण. अंबाबाईचा अंगारा पण सध्या उशाखाली नको, घरी देव्हाऱ्यात ठेवा.