तुझ्या त्या मेसेजबद्दल

बेटा,

परवा रात्री तुझा मेसेज आला, "सर, अमेरिका-युरोपनं दीडशे वर्षं कोळसा जाळला, आता आपल्याला काहून शिकवून राहिले?" तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

तुझा राग खरा आहे, तो सोडू नको. त्याला कायद्याचा आधार पण आहे. 1992 ला रिओच्या जागतिक परिषदेत सगळ्या देशांनी कबूल केलं की हवामान बदल रोखायची जबाबदारी सगळ्यांची आहे पण सारखी नाही. मग 2009 ला कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देश म्हणाले की गरीब देशांसाठी 2020 पर्यंत वर्षाला 100 अब्ज डॉलर उभे करू, तो आकडा गाठला 2022 ला आणि त्यातही बराचसा पैसा कर्ज म्हणून. म्हणजे ज्याच्या घरात पाणी शिरलं त्यालाच उसने पैसे द्यायचे अन् वर व्याज घ्यायचं. मला याची चीडच येते.

पण माझ्या मावशीचं सांगतो. ती औष्णिक वीज केंद्राजवळच्या गावात राहते. उन्हाळ्यात गच्चीवर कुरड्या वाळत घातल्या की वरून मामाजींचं जुनं धोतर पांघरते, आणि संध्याकाळी ते झटकलं की करडी राख उडते, बोटांत धरली तर पिठासारखी मऊ. त्या विजेवर इकडे शहरात माझ्यासारख्यांचे एसी चालतात, तिच्याकडे अजून कूलरच आहे आणि नातू तीन वर्षांचा आहे, तो त्याच गच्चीवर खेळतो. आता या हिशोबात अमेरिका कोण आणि आपण कोण, तूच सांग. मी दोन दिवस यावरच अडकलोय.

1987 ला संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगानं शाश्वत विकास म्हणजे काय ते सांगितलं होतं, आज आपल्या गरजा भागवा पण पुढच्यांना त्यांच्या भागवता येणार नाहीत असं करू नका. अडचण ही की पुढचे लोक मत देत नाहीत, कोर्टात येत नाहीत, त्यांच्या वतीनं कोणीतरी उभं राहावं लागतं. 2019 ला वानुआतू या पॅसिफिकमधल्या छोट्या बेटांच्या देशात कायदा शिकणारी 27 पोरं उभी राहिली, तुझ्याच वयाची बघ, त्यांनी आधी आपल्या भागातल्या सरकारांना पत्रं लिहिली, मग वानुआतू सरकारनं विषय उचलला, 2023 ला संयुक्त राष्ट्रांत न्यायालयाचं मत मागायचा ठराव झाला आणि 23 जुलै 2025 ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं एकमतानं सांगितलं की हवामान वाचवणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे, ते मोडलं तर भरपाई पण द्यावी लागू शकते. मत सल्ल्याचं आहे, बंधनकारक नाही, हे विसरू नको. तरी आता जगभरच्या वकिलांच्या हातात ते आहे.

म्हणून तू आधी तमिळनाडूतल्या चामड्याच्या कारखान्यांच्या प्रदूषणावरचा 1996 चा वेल्लोरचा निकाल पूर्ण वाच, गाइडमधला सारांश नको. प्रदूषण करणाऱ्यानंच भरायचं, हे आपल्या सुप्रीम कोर्टानं त्यात स्वच्छ म्हटलंय. आणि मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी लागते तेव्हा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्या अहवालाचा सारांश मराठीतही द्यावा लागतो, किमान 30 दिवस आधी नोटीस निघते, तेवढ्या दिवसांत तो गावात नेऊन लोकांना मोठ्यानं वाचून दाखव, काय कळलं नाही ते त्यांना विचारू दे आणि ते प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून घे.

आसपास कुठली सुनावणी लागली की मला फोन कर, मी गाडी काढतो. जाताना मावशीकडे थांबू, तिलाही यायचंय.

तुझा,
सर