नोव्हेंबरात लावलेले ट्यूलिपचे कंद संक्रांत झाली तरी वर आले नाहीत. वाट बघू का?

तुम्ही खानापूरहून विचारलंय, की सहा कंद कुंडीत लावून दोन महिने झाले, मातीवर काहीच दिसत नाही, आता उकरून टाकू का? टाकू नका. पण लावण्याआधी ते कंद फ्रीजमध्ये ठेवले होते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं तिथंच अडलंय.

मी बेळगावात वडगावला राहते. दोन वर्षं माझे कंद वाया गेले, तिसऱ्या वर्षी दहापैकी सात फुलले. त्यामुळे तुमची रोज सकाळची कुंडीपर्यंतची चक्कर मला चांगली ठाऊक आहे.

ट्यूलिपची कळी कंदाच्या पोटात आधीच तयार असते. कंद उभा चिरलात तर मधोमध इवलीशी दिसतेसुद्धा. पण दांडा लांब होऊन ती कळी वर यायला बारा ते सोळा आठवडे सलग गारवा लागतो, साधारण ४ ते ९ अंशांचा. मूळचं हे मध्य आशियातल्या डोंगरांतलं झाड, हिवाळाभर गार जमिनीत निजणारं. श्रीनगरला दल सरोवराजवळच्या ट्यूलिपच्या बागेत हा गारवा जमीनच देते, म्हणून मार्चअखेरीला तिथं वाफेच्या वाफे फुलतात. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, पहाटे धुकं पडतं, स्वेटर निघतात. पण दुपारी तीच कुंडी हाताला कोमट लागते. एवढ्या थंडीने कंदाचं भागत नाही.

पहिल्या वर्षी मी कंद तसेच लावले. पानं आली, पण कळी मातीलगत दोन पानांच्या बेचक्यातच अडकली आणि तिथंच सुकली. फार वाईट वाटलं होतं. दुसऱ्या वर्षी फ्रीजमध्ये ठेवले, पण शेजारीच सफरचंदं आणि चिकू. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि आतली कळी मरते, हे नंतर कळलं. तेव्हा कंद कागदी पिशवीत, भाजीच्या कप्प्यात, आणि फळं घरात दुसरीकडे. बर्फाच्या कप्प्यात मात्र कधीच नाही.

आता मी घट बसले की कंद फ्रीजमध्ये ठेवते आणि संक्रांतीच्या आत लावते. कुंडीला लाल माती आणि जाडी वाळू; काळी माती पाणी धरते, कंद कुजतो. कुंडी सकाळचं कोवळं ऊन मिळेल पण दुपारची सावली असेल अशा जागी.

गार करून लावलेले कंद लवकर हलतात. मला तेराव्या दिवशी मातीच्या पापुद्र्याला चीर दिसली. एक ढेकूळ झाकणासारखं उचललं गेलं होतं आणि खाली हरभऱ्याएवढं टोक, हिरवं, पण कडेला जांभळट लाल. मी तिथंच उकिडवी बसून राहिले, चहा गार झाला. चार दिवसांत विड्याच्या सुरळीसारखं गुंडाळलेलं पान वर आलं, ते सुटं झालं तेव्हा आत हिरवी कळी होती. रंग नंतर हळूहळू चढतो. फूल दिवसा उमलतं, रात्री मिटतं. आपल्याकडे जेमतेम पाच-सहा दिवस टिकतं. तोच कंद पुढच्या वर्षी इथं सहसा फुलत नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

जमिनीतून फूल वर येताना बघायचीच ओढ असेल तर एक भुईचाफाही लावा. आमच्या आजीच्या परसात होता. होळीच्या सुमाराला कोरड्या, उघड्या मातीतून, एकही पान नसताना, पांढरी-जांभळी सुवासिक फुलं थेट भुईवर येतात. पानं मागाहून, पावसाबरोबर. त्याला फ्रीज लागत नाही.

तुमच्या कुंडीचं एवढं करा. उद्या सकाळी एकाच कंदावरची माती बोटाने अलगद बाजूला करा. कंद मऊ लागला, वास आला, तर तो गेला. काढा आणि बाकीचेही तपासा. टणक असेल आणि टोकाला फिकट कोंब असेल तर माती परत झाका, पाणी कमी करा, कुंडी घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात हलवा. कंद थंड न करता लावले असतील तर यंदा पानं येतील, फुलाची आशा फार धरू नका. विकणाऱ्याने आधीच थंड करून दिले असतील तर मात्र अजून दोन-तीन आठवडे रोज बघा. काय सापडलं ते इथं जरूर लिहा, मी वाट बघते.