फोम लावला, तरी डग्गा घुमतोच

प्रश्न : १० बाय १२ फुटांच्या खोलीत गाणी ऐकतो. चारही भिंतींना एक इंची फोम लावला. आवाज मंद झाला, पण तबल्यातला डग्गा अजून घुमतो. काय चुकलं?

उत्तर : फोम पातळ आहे. तो फक्त वरचे सूर खातो, म्हणून झांज, तंबोऱ्याची जवार बोथट होते आणि खर्ज जसाच्या तसा राहतो. १२ फुटांच्या लांबीत सुमारे ४७ हर्ट्‌झचा खर्जातला सूर फुगतो. त्याची लाटच सात मीटरहून लांब, तिला इंचभर फोम काय अडवणार! (भिंतीला लावतात ते अंड्यांचे ट्रे तर त्याहून निरुपयोगी.)

निम्मा फोम काढा. घनमीटरला ४८ किलो घनतेच्या रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) ५० मिमी जाड स्लॅब आणा. दोन-दोन एकत्र करून स्पीकरमागच्या दोन्ही कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत तिरपे उभे करा. मागची पोकळी तशीच ठेवा. हे काम आधी, बाकीचं नंतर.

मग नेहमीच्या जागी बसा. कुणालातरी बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवायला सांगा. आरशात स्पीकर दिसेल तिथे एक स्लॅब, भिंतीपासून ५० मिमी सोडून. छतावरही तसंच. वरून कापड लावताना तोंडाने फुंकून पाहा : हवा आरपार जायला हवी. रेक्झिन नको. स्लॅब हाताळताना मास्क आणि हातमोजे घालाच.

खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली असेल, तर या सगळ्याच्याही आधी ती तीन-चार फूट पुढे ओढा. खोलीच्या बरोबर मध्यावर मात्र नको, तिथे खर्ज गायब होतो. याला खर्च शून्य.